मागून ढकलणाऱ्या गाडीला हिवाळी टायर

बर्फ पडलाच नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर ज्यांना ज्यांना हा किस्सा सांगितला त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. नोव्हेंबरची सकाळ, तापमान ४ अंश, रस्ता ओला. गोल चौकातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आणि गाडीचा मागचा भाग मला न विचारता बाहेरच्या बाजूला निघाला. वेग ताशी तीससुद्धा नसेल. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, स्टॅबिलिटी कंट्रोलने कुठलंसं चाक धरलं आणि शेपूट जागेवर आली. मागच्या गाडीतल्या बाईंनी हॉर्न वाजवला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

गाडी दोन सीटांची. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, बसल्यावर ढुंगण रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं. पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) असे दोन मापांचे उन्हाळी स्पोर्ट्स टायर कारखान्यातूनच आलेले. जुलै-ऑगस्टमध्ये हे टायर रस्त्याला असे चिकटतात की वळणं संपूच नयेत. त्याच टायरवर त्या सकाळी घरी आल्यावर नख रोवून बघितलं. उन्हाळ्यात नखाचा वण उठायचा. आता बुटाच्या टाचेवर नख घासावं तसं झालं.

बर्फात गाडी चालवण्यातच ज्याचं अर्धं आयुष्य गेलंय असा माझा एक मित्र आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तू बर्फाची वाट बघत बसला होतास होय? हिवाळी टायर थंडीसाठी असतो. बर्फ हा त्यावरचा कळस."

मुद्दा खरा आहे. रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता. ऊब असते तोवर त्या साखळ्या हलत्या राहतात, रबर रस्त्याच्या बारीक दाण्यांमध्ये शिरतं, आणि त्या शिरण्यालाच आपण पकड म्हणतो. तापमान उतरत गेलं की साखळ्या आखडतात आणि रबर कडक होतं. उन्हाळी स्पोर्ट्स टायरमध्ये हे साधारण ७ अंशांच्या खाली जाणवू लागतं. उणे ७ च्या आसपास तर काही कंपन्या स्वतःच बजावतात की या थंडीत गाडी जागेवरून हलवूसुद्धा नका, रबराला चिरा पडू शकतात. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की ते शून्याखालीही मऊ राहावं. नक्षीत खोल खाचा असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने काढल्यासारख्या बारीक चिरा, ज्यांना टायरवाले सायप म्हणतात. या चिरांच्या कडा बर्फावर ओरखडतात. खोल खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो, आणि बर्फाला बर्फ रबरापेक्षा चांगला धरतो. म्हणजे स्वच्छ धुतलेल्या टायरपेक्षा खाचांत बर्फ गच्च बसलेला टायर बर्फावर बरा. ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला उगाचच फार आनंद झाला होता.

त्या वर्षी मात्र उशीर झाला होता. माझ्या मापाचे टायर संपलेले, आणि घाईत जे मिळेल ते बसवायची इच्छा नव्हती. गाडीवर आच्छादन घातलं आणि हिवाळाभर बसने गेलो. पुढच्या वर्षी कामाची वेळ बदलणार होती आणि त्या वेळेला बस नव्हती, त्यामुळे प्रश्न टळला नव्हता, नुसता पुढे गेला होता. या काळात एकच शहाणपणाची गोष्ट केली. वही केली. रोज सकाळी तीन गोष्टी लिहायच्या: तापमान, रस्त्याची अवस्था आणि आपल्या गाडीने आज गेलो असतो का.

इथे थोडं भाषेचं बोलायला हवं. आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ, डबक्यावर धरतो तोही, आणि फ्रीजमध्ये असतो तोही. टायरच्या दृष्टीने मात्र ही वेगवेगळी जनावरं आहेत. ताजा भुरभुरीत हिम, गाड्यांनी दाबून घट्ट केलेला हिम, मीठ टाकल्यावर होणारी करडी राड, आणि दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला काचेसारखा थर, जो दिसतच नाही. या चौघांसाठी वहीत मला चार खुणा कराव्या लागल्या. शेवटचा सगळ्यात वाईट, आणि त्यातही शून्याच्या जवळचा. उणे २० अंशांवर बर्फ बऱ्यापैकी कोरडा असतो आणि त्यावर थोडीफार पकड मिळते. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि टायर त्या पाण्यावरून घसरतो.

फेब्रुवारी संपला तेव्हा कामाच्या ६२ दिवसांच्या नोंदी होत्या. ३८ दिवस नुसती थंडी, रस्ता कोरडा किंवा ओला. १५ दिवस हिम किंवा राड. ९ दिवस काच. मी मनात जो हिवाळा धरून बसलो होतो त्यात बर्फ सतत पडत होता. वहीतला हिवाळा बराचसा करडा, ओला आणि कंटाळवाणा निघाला.

हे आकडे हातात आल्यावर दुकानात विचारायचा प्रश्नच बदलला. हिवाळी टायर ही एक जात नाही, निदान दोन आहेत. एक स्टडलेस, म्हणजे खिळे नसलेला, बर्फाळ प्रदेशासाठी केलेला: रबर अतिशय मऊ, चिरा असंख्य, कडक बर्फावर जीव तोडून धरणारा. वेगाची मर्यादा बहुधा कमी, क्यू म्हणजे ताशी १६० किमी किंवा टी म्हणजे १९०. दुसरा परफॉर्मन्स विंटर: थोडा घट्ट, ओल्या थंड रस्त्यावर ब्रेक चांगला लागणारा, वेगाची खूण एच (२१०) किंवा व्ही (२४०), स्पोर्ट्स गाड्यांच्या मापात सहज मिळणारा. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक डब्ल्यूएस किंवा नोकियनचा हक्कापेलिट्टा आर ही पहिली जात. मिशेलिनचा पायलट अल्पिन ही दुसरी. गंमत म्हणजे ब्लिझॅक हे एकच नाव दोन्ही जातींवर असतं, पुढची अक्षरं बघावी लागतात. नुसतं 'ब्लिझॅक द्या' म्हणालात तर टायरवाला काय काढून देईल याचा भरवसा नाही.

स्टडलेस कुठून आले तेही मजेशीर आहे. त्याआधी खिळे ठोकलेले टायर होते. जपानमध्ये ते डांबर इतकं खरवडायचे की सेंडाईसारख्या शहरांत वसंत ऋतूत धुळीने खोकल्याची साथ आल्यासारखं व्हायचं. १९९० मध्ये तिथे खिळ्यांविरुद्ध कायदाच झाला, आणि कंपन्या आधीपासून बनवत असलेलं खिळ्याविना बर्फ धरणारं रबर मग सगळीकडे चाललं. खिळ्यांचे टायर मी विचारातच घेतले नाहीत. ६२ पैकी ३८ दिवस डांबरावर खडखडत जायचं, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना परवानगीही नाही.

ऑल सीझनचा विचार आठवडाभर केला. त्यातही बरे टायर आहेत. फक्त साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण बघायची. 'एम प्लस एस' ही अक्षरं म्हणजे चिखल आणि हिम, पण ती नक्षी बघून कंपनी स्वतःच छापते. डोंगराची खूण मिळवायला हिमावर चाचणी द्यावी लागते. हा फरक मला कळला तेव्हा माझ्या आधीच्या गाडीची आठवण झाली. तिच्यावर 'एम प्लस एस' होतं आणि मी तीन हिवाळे स्वतःला सुरक्षित समजत होतो. पण ही गाडी घेतली ती उन्हाळ्यातल्या वळणांसाठी. बारा महिने मधलेच टायर घालायचे तर मग साधी गाडी काय वाईट होती?

मित्राचं मत ठाम होतं. "स्टडलेस घे. टायर वाईट दिवसासाठी घ्यायचा असतो. छत्री काय उन्हाच्या दिवसांची सरासरी काढून घेतोस का?"

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलो. आमचं घर खोलगट भागात आहे. बाहेर पडायचं तर चढ चढण्याला पर्याय नाही, आणि त्यातला सगळ्यात अवघड टप्पा शंभर मीटरला नऊ मीटर चढतो. म्हणजे तिथे गाडीला मागे ओढणारं बळ तिच्या वजनाच्या साधारण ९ टक्के. माझ्या गाडीचं जेमतेम निम्मं वजन मागच्या चाकांवर, आणि ढकलणारी चाकं तेवढीच. त्या दोन टायरांना आपापल्या ओझ्याच्या १८ टक्के बळ रस्त्यातून काढावं लागणार, म्हणजे घर्षणांक ०.१८ हवा. चारही चाकं ओढणारी असती तर ०.०९ पुरला असता. पुढच्या चाकांची गाडी, जिच्यात साठेक टक्के वजन पुढेच असतं, तिला ०.१५ च्या आसपास. आता दाबलेल्या हिमावर चांगल्या हिवाळी टायरला ०.२ ते ०.३ मिळतो. पास. ओल्या काचेवर ०.१ किंवा त्याहून कमी. नापास, आणि तिथे स्टडलेस थोडा वर सरकला तरी ०.१८ गाठेल असं मला काही दिसेना.

याच आकड्यांवरून थांबायचं अंतरही काढलं. ताशी ५० वरून ब्रेक: ०.८ पकडीच्या डांबरावर १२ मीटर, ०.२५ च्या हिमावर ३९, ०.१ च्या काचेवर ९८. आणि थांबताना कुठली चाकं ओढतात याला काही अर्थ नाही. निघताना चार चाकांची गाडी मला मागे टाकेल, थांबताना तिच्याही नशिबी टायरचे रस्त्याला टेकणारे तळहाताएवढे चारच तुकडे.

एवढ्यावर निर्णय झाला. ३८ ओले थंड दिवस आणि १५ हिमाचे यांसाठी परफॉर्मन्स विंटर. ९ दिवस काचेचे, त्या दिवशी गाडी काढायची नाही. कोणत्या दिवशी घरी बसायचं हेही टायरच्या निवडीतच धरलं. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे हा टायर तू न वापरायला घेतो आहेस." मी म्हटलं, हो, नऊ दिवस.

यानंतर खरी डोकेदुखी. टायर निवडणं सोपं होतं, माप निवडणं अवघड.

मन म्हणत होतं, आहे तेच माप घ्यावं: पुढे २२५, मागे २५५, गाडी तशीच रुबाबदार दिसेल. पण रुंद टायर राडीवर आणि ताज्या हिमावर तरंगतो. टायर जमिनीला टेकतो ते क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. रुंदी बदलली तर त्या तुकड्याचा आकार बदलतो. रुंद टायरचा तुकडा आडवा असतो, अरुंदाचा उभा. उभा तुकडा हिमात वाट कापत जातो, कारण समोरून सारायचा हिम कमी. शिवाय मागे-पुढे वेगळी मापं असली की टायर आलटून पालटून लावता येत नाहीत, आणि मागून ढकलणाऱ्या गाडीत मागची जोडी लवकर झिजते. गाडीच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी चारही चाकांना २२५/४५ आर १७ मान्य होतं. पुस्तिकेत नसतं तर मी ते केलं नसतं. काही गाड्यांमध्ये मागे-पुढे वेगळी मापंच हवीत असं कंपनी बजावते.

गुणाकार करून पाहिला. जुन्या पुढच्या टायरचा व्यास ६३७ मिमी, मागच्याचा ६३६, नव्याचा ६३४. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटर आणि एबीएसला (ब्रेक दाबताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) तक्रार नाही. साइडवॉल मात्र ९० मिमीवरून १०१ वर गेली. हिमाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याआधी ते अकरा मिलिमीटर कामी येतात. वजनाचा निर्देशांक ९४ निवडला, म्हणजे प्रत्येक टायरला ६७० किलो. ९१ म्हणजे ६१५, वजनाला तोही पुरला असता, पण पुस्तिकेतल्या आकड्याखाली जायचं नाही एवढं पाळलं.

अठरावरून सतरावर उतरायचं तर रिम वेगळ्या हव्यात, आणि स्पोर्ट्स गाडीत रिमच्या आत मोठे ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती दाबणारे चिमटे, दडलेले असतात. सतराची रिम त्यांच्यावरून जाईल का? त्यासाठी कॅलिपरचा कागदी साचा छापून, पुठ्ठ्यावर डकवून, कापून रिमच्या आत फिरवून बघतात. मी तो छापला, कापला, एका सेकंडहँड रिममध्ये फिरवला. मस्त गेला, चांगली बोटभर जागा. रिम घेणारच होतो. नुसतं सवयीने साच्याच्या कोपऱ्यातली दहा सेंटिमीटरची रेघ पट्टीने मोजली. नऊ पूर्णांक सहा भरली. प्रिंटरने 'पानात मावेल असं' करून सगळंच चार टक्के आक्रसवलं होतं. खऱ्या मापात पुन्हा छापला तेव्हा पुठ्ठा एका आऱ्याला घासून अडकला. ती रिम सोडली. दुसरी मिळाली तिच्यात आरे बाहेरच्या बाजूला फुगलेले होते आणि पुठ्ठा चार मिलिमीटर मोकळा फिरला. तीनच्या खाली जाऊ नये म्हणतात.

बाकी रिमच्या गोष्टी भराभर सांगतो. बोल्टच्या भोकांची संख्या आणि वर्तुळ जुळायला हवं. ऑफसेट (रिमवर ईटी लिहिलेला आकडा, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून ती हबला टेकते तिथपर्यंतचं अंतर) जुळायला हवा; नाहीतर आतली कड सस्पेन्शनला लागते किंवा बाहेरची मडगार्डला. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये रिंग हवी, नाहीतर चाक बरोबर मधोमध बसत नाही आणि ताशी ९० ला स्टिअरिंग थरथरतं. आणि बोल्टचं बूड. हे कुणी सांगत नाही: काही मूळ रिम्सना गोल बुडाचे बोल्ट लागतात आणि बाजारातल्या बऱ्याचशा रिम्सना शंकूच्या बुडाचे. चुकीचे लावले तर घट्ट वाटतात, पण टेकतात फक्त एका कडेवर. मला वेगळा संच घ्यावा लागला. हवेच्या दाबाचे सेन्सरही चार नवे, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर डोळे वटारून बघत राहिला असता.

मागच्या चाकांवरच फक्त दोन हिवाळी टायर टाकावेत, ढकलतात तर तीच, असा सल्ला एका सहकाऱ्याने दिला. खर्च अर्धा. काम मात्र उरलेल्या अर्ध्यात होणार होतं: वळणं आणि बहुतांश ब्रेक पुढच्या चाकांवर. मागचे ढकलणार, पुढचे ऐकणार नाहीत, गाडी सरळ झाडाकडे. उलट केलं, नुसते पुढे टाकले, तर त्याहून वाईट. गाडी स्वतःभोवती फिरते. चार म्हणजे चार.

टायर सप्टेंबरमध्ये मागवले. आले तेव्हा आधी बाजूवरचे चार अंक वाचले, आठवडा आणि वर्ष. त्याच वर्षातले होते. नक्षीची खोली आठ मिमी. चारवर आली की हिमातला जोर ओसरतो, कायदा दीड-पावणेदोनला चालेल म्हणत असला तरी. त्या ब्लेडसारख्या चिरांच्या कारागिरीकडे मी बराच वेळ बघत बसलो. अंगठ्याने ठोकळा ढकलला तर चिरा उघडतात आणि सोडला की मिटतात, माशाच्या कल्ल्यांसारख्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर बसवले. लांबून गाडी बघितली आणि मन खट्टू झालं. पैलवानाला शाळकरी मुलाचे बूट घातल्यासारखं. मागची चाकं मडगार्डच्या आत खोल गेली होती. पाचेक मिनिटं तशीच बघत राहिलो, मग सवय झाली.

दुकानातून निघालो आणि दोनशे मीटरवर आवाज सुरू झाला. टिक्, टिक्, टिक्. वेग वाढवला तर टिक्टिक्टिक्. परत आलो. दुकानातला मुलगा म्हणाला, नवीन टायर आहेत, खडा अडकला असेल. चारही टायर चाचपले, खडा नाही. "काका, चालवा थोडी, जाईल." घरी येऊन जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं. रिमच्या आतल्या भिंतीवर बॅलन्सिंगची वजनं चिकटवलेली होती, करड्या लेपाच्या चौकोनी तुकड्यांची पट्टी. त्यातल्या दोन तुकड्यांचा रंग उडून खालचा धातू आरशासारखा चमकत होता. समोर कॅलिपरच्या पाठीवर तेवढ्याच रुंदीचा ओरखडा. पुठ्ठ्याने मोजलेले माझे चार मिलिमीटर रिकाम्या रिमचे होते. वजनाची जाडी कोण धरणार? दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि वजनं आत, कॅलिपरच्या पलीकडे सरकवून घेतली. त्याच रात्री वजन सुटून पडलं असतं तर मी थरथर टायरच्या माथी मारली असती. बोल्ट पान्ह्याने पुस्तिकेतल्या १२० न्यूटन-मीटरला आवळले, आणि ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा. एक थोडा फिरलाच.

पहिले काही दिवस टायर निसरडे वाटले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला लेप वरच्या थरावर असतो, तो झिजेपर्यंत जपून. त्यानंतरही स्टिअरिंग पूर्वीसारखं नव्हतं. उन्हाळी टायरवर हात फिरला की नाक फिरायचं. आता हात फिरतो, ठोकळे वाकतात, मग नाक फिरतं. मध्ये अर्ध्या श्वासाची फट. कोरड्या रस्त्यावर मला ते आवडलं नाही आणि अजूनही आवडत नाही. पण त्याच गोल चौकात, त्याच ४ अंशांत, त्याच दुसऱ्या गिअरमध्ये पिवळा दिवा लागला नाही.

हवेचं एक लक्षात ठेवावं लागलं. २० अंशांच्या दुपारी भरलेली हवा शून्याच्या पहाटे साधारण ३ पीएसआय कमी भरते. दर पंधरा दिवसांनी, चाकं थंड असताना तपासायची.

पहिला दणदणीत हिम पडला त्या रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर गेलो. मला वाटतं टायरच्या किमतीतला सगळ्यात उपयोगी भाग तो तास होता. ब्रेक जोरात दाबून एबीएसची कुरकुर पायाखाली अनुभवली. दुसऱ्या गिअरमध्ये निघून बघितलं. पहिल्यापेक्षा कितीतरी सोपं. वळणात ॲक्सिलरेटर झटकन सोडला तर इंजिनच मागच्या चाकांना ब्रेक लावतं आणि शेपूट बाहेर येते, हे तीनदा करून पाहिलं. क्लच दाबला की शांत. चारही चाकं सारख्या मापाची झाल्याने गाडी पूर्वीपेक्षा जास्त सहज फिरते, हेही तिथेच कळलं. कारखान्याने मागे रुंद टायर देऊन तिला थोडं भित्रं ठेवलं होतं. डिकीत वाळूची पोती टाकायची मित्राची जुनी युक्ती करून बघितली. निघताना फायदा, पण वजन मागच्या चाकांच्याही मागे पडलं तर एकदा सुटलेली शेपूट लंबकासारखी जाते. पोती काढली, वाळूचा एक लहान डबा ठेवला. आणि हिम बारा-तेरा सेंटिमीटरच्या वर गेला की टायर कुठलाही असो, बंपर नांगर होतो. तो दिवसही वहीत 'नाही' मध्ये.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात आदल्या संध्याकाळी पाऊस पडला आणि रात्री गोठला. वहीच्या हिशेबाने हा काचेचा दिवस, गाडी काढायची नाही. पण कामावर एक महत्त्वाची गोष्ट होती, आणि मागचे दोन महिने सगळं इतकं सुरळीत गेलं होतं की मी स्वतःचाच नियम मोडला. दुसरा गिअर, क्लच हळूच, गाडी निघाली. सपाटीवर ठीक. चढाला लागलो, दिव्याचा पहिला खांब गेला, दुसरा गेला. तिसऱ्याजवळ वेगाचा काटा २० दाखवत होता आणि खांब मात्र खिडकीतून हलत नव्हता. पिवळा दिवा अखंड. मग गाडी अगदी सभ्यपणे, आवाज न करता, शेपटीकडून कडेला सरकू लागली आणि गवताच्या पट्टीला मागचं चाक टेकल्यावर थांबली. डब्यातली वाळू टाकली, गवताच्या कडेने इंच इंच मागे घेत खाली आणली. वीस मिनिटं लागली. घरासमोर लावली आणि कामावर फोन केला की उशीर होईल.

मग मित्राला फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता.

"किती वर गेलास?"

"तिसऱ्या खांबापर्यंत."

"बघ. माझं ऐकलं असतंस तर पाचव्यापर्यंत गेला असतास." त्याला मनापासून आनंद झाला होता. मग थोडं थांबून म्हणाला, "एकूण खांब किती आहेत रे तुझ्याकडे?"

"सात."